चंद्रावती तारीची बारा वर्षं

तोंडवलीत एखादी बाई हट्टाला पेटली की म्हाताऱ्या अजून म्हणतात, "काय गो, चंद्रावतीचा कुकू लावलंस की काय?" नव्या सुना हसतात. हसू देत बापड्या. त्या कुंकवापायी एका बाईनं काय काय सोसलं ते त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, तर त्यांचा तरी काय दोष?

काशीराम विठोबा तारी हा तिचा नवरा. घर किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचं, पण हा गडी उंच, दारातून येताना वाकायचा, आणि पाण्यात मासळीला लाजवील असा पोहायचा. लढाई सुरू झाली तेव्हा मालवणात भरती करणारे साहेब आले. त्यांनी याला बघितलं मात्र, थेट लढाईच्या बोटीवर नेला. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चंद्रावती सोळा-सतराची. मधे एकदा रजेवर आला, पांढऱ्या कडक कपड्यांत, सगळी वाडी बघायला जमली. आठ दिवस राहिला आणि गेला. संसार म्हणाल तर तेवढाच.

पण दर महिन्याला मनीऑर्डर यायची. बाबू पोस्टमन बांधावरूनच ओरडायचा, "गो, काशीरामाचो पगार इलो!" चंद्रावती हात पुसत यायची, अंगठा द्यायची आणि दिवसभर उगाच गुणगुणत राहायची.

बेचाळीस सालच्या मार्गशीर्षात एक इंग्रजी कागद आला. सासरा विठोबा तो वाचून घ्यायला मालवणला गेला. संध्याकाळी परतला तो नखशिखांत भिजलेला, धोतरातून पाणी गळतंय.

"मामानू, ह्या काय?" चंद्रावतीनं विचारलं.

"होडयेतसून उतरताना पाय घसारलो," विठोबा म्हणाला. मग ओटीवर टेकून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "काशीरामाची बोट बुडाली गो. तो सापडाक नाय. सोधतत."

आता या किनाऱ्याची रीत सांगायला हवी. दर्यावर गेलेला माणूस परत आला नाही, देहही मिळाला नाही, तर त्याला मेला म्हणत नाहीत. खबर आल्या दिवसापासून बारा वर्षं वाट बघायची. तोवर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. बारा वर्षं भरली की दर्भाचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि मग रडायचं ते रडायचं. चंद्रावतीच्या कुंकवाला त्यामुळे गावात कुणी नाव ठेवलं नाही.

चार महिन्यांनी पुन्हा मनीऑर्डर सुरू झाली. थोडी कमी.

"सरकारान कापल्यान," विठोबा म्हणाला.

पोरीनं मनाशी हिशेब मांडला. मेलेल्याला कोण पगार देतो? पगार येतोय म्हणजे माणूस आहे. कुठल्या तरी इस्पितळात असेल, तुरुंगात असेल, लांबच्या बंदरावर अडकला असेल, पण आहे! बाबू पोस्टमनही बापडा सवयीनं "काशीरामाचो पगार" असंच ओरडत राहिला. वर्षातून एकदा विठोबा एका कागदावर तिचा अंगठा घ्यायचा, तो कागद घेऊन खाडीपलीकडच्या कट्टा गावी जायचा, आणि येताना तिथल्या मुनव्वर चुडीवाल्याकडून तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणायचा. एक साल चुकलं नाही. बायका म्हणायच्या, "सासरो असो मेळाक नशीब लागता."

बावन्न साली विठोबा गेला. दुसऱ्या वर्षी निरोप आला की कट्ट्याच्या शाळेच्या पटांगणात जुने सैनिक आणि त्यांच्या घरच्यांचा मेळावा आहे, बाईनं जातीनं हजर राहावं. चंद्रावतीला आनंद मावेना. तिला वाटलं, सरकार आता तरी सांगणार, नवरा कुठं आहे ते. नवं लुगडं नेसली. रुपयाएवढं कुंकू लावलं. धाकटा दीर गणपत सोबतीला होता. खाडी ओलांडून, पुढं चालत चालत दोघं कट्ट्याला पोचली तेव्हा पटांगण भरलं होतं. कुणाचा पाय नव्हता, कुणाचा डोळा. बायका एका बाजूला खाली बसलेल्या, सगळ्या पांढऱ्या कपाळाच्या. चंद्रावती त्यांच्यात जाऊन बसली तेव्हा त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

टेबलाशी एक निवृत्त सुभेदार होते, घाटावरचे, मिशाळ, तंबाखूचा बार भरलेले. नावं पुकारायची तीही कवायतीच्या आवाजात.

"काशीराम विठोबा तारी!"

चंद्रावतीनं मान वर केली. किती वर्षांनी ते नाव असं उघड्यावर, मोठ्यानं कुणी घेतलं होतं! तिला क्षणभर वाटलं, आता हा गर्दीतून वाकत वाकत पुढं येणार. ती उठून उभी राहिली.

सुभेदारांनी आधी तिचं कपाळ पाहिलं, मग हात, आणि पेन खाली ठेवलं. "बाई, दुसरं लग्न केलंत?"

"अगो बाय माझे!" चंद्रावती दोन पावलं मागं सरली. "असां काय बोलतात साहेबानू? माझो घोव जितो आसा."

"मग पेन्शन कसली घेता?"

"पेन्शन खंयची? ह्यो त्येंचो पगार."

सुभेदारांनी फाईल उघडली. वाईट माणूस नव्हता तो, पण शंभर नावं पुढं होती आणि ऊन चढलं होतं. त्यांनी वाचून दाखवलं. बोट बुडाली ती तारीख. मृत. विधवेस पेन्शन मंजूर. कळल्याबद्दल सही, विठोबा तारी. पुढं दर साली एक कागद, त्यावर लिहिलेलं की मी अमक्याची विधवा, हयात आहे, पुनर्विवाह केलेला नाही. आणि खाली अंगठा. दहा कागद, दहा अंगठे. सगळे तिचे.

चंद्रावती त्या निळ्या ठशांकडे बघत राहिली. मग तिला ती संध्याकाळ आठवली. धोतरातून गळणारं पाणी. होडीतून पाय घसरला नव्हता म्हाताऱ्याचा. मुलाच्या नावानं आंघोळ करून आला होता तो, एकटाच, खाडीवर, कुणाला न सांगता.

"वयनी, चल, अंगठो दी आणि निघू," गणपत हळूच म्हणाला. त्यालाही ठाऊक नव्हतं, पण तो पुरुषमाणूस, चटकन सावरला.

"खबर माका आज गावली," चंद्रावती म्हणाली. "खबर गावल्यापासून बारा वर्सां. माझी बारा वर्सां आजपासून."

"अहो बाई, अकरा वर्षं झाली त्याला! सरकार थांबत नाही तुमच्या बारा वर्षांसाठी."

"सरकारान थांबा नको. मी थांबतंय."

"अंगठा दिला नाहीत तर पेन्शन बंद होईल."

"होऊ दे. मेल्या माणसाचो पगार माका नको." आणि वळली, सरळ चालू लागली. पटांगणातले लंगडे-थोटे सगळे माना वळवून बघत राहिले.

वाटभर गणपतनं तिला काय काय सुनावलं! डोकं फिरलंय, घर बुडवणार, लोक तोंडात शेण घालतील. ती पुढं चालतच राहिली. खाडीवर पोचल्यावर मात्र होडीत चढेचना. काठावर बसली आणि मोठ्यानं रडली. नवऱ्यासाठी नाही हो, त्याच्यासाठी रडायला अजून बारा वर्षं होती. सासऱ्यासाठी रडली. "मामानू, ह्या तुमी एकट्यान कसां गिळलात? माझ्या हातात बांगडयो भरताना तुमचो हात कसो कापलो नाय?" राग होता, माया होती, दोन्ही एकात एक. आणि सांगणार कुणाला? सांगायचं माणूस वर्षापूर्वीच गेलं होतं.

मग सुरू झाली ती वर्षं. बाबू पोस्टमन दारावरून पुढं जायचा, तोही मान खाली घालून. गणपतनं दोन साल तगादा लावला आणि मग बायकोमुलांना घेऊन देवगडला, बायकोच्या माहेरच्या होडीवर कामाला गेला. चंद्रावती एकटी उरली. पहाटे रापणीवर, मग डोक्यावर टोपली घेऊन दारोदार, दुपारी वाळूत मासळी सुकवणं. मिठानं बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. पावसाळ्यात दर्या बंद झाला की पेज, तीसुद्धा एकदाच.

पोटाचं एक वेळ निभतं. माणसांचं काय? सवाशिणींनी तिला हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं, कारण सरकारनं तिला विधवा म्हटलेलं सगळ्यांना कळलं होतं. विधवा तिला जवळ बसवेनात, कारण कपाळावर कुंकू. लग्नाच्या मांडवात ती गेली तर कुठं बसावं हेच कळायचं नाही. एकदा बारशाला गेली, कोपऱ्यात उभी राहिली आणि घुगऱ्या न घेताच परत आली. पुढं जाणंच बंद केलं.

आणि त्याचं नाव? ते तर गावातून पुसूनच गेलं. गणपत म्हणायचा 'दादा', तो गेला. शेजारी म्हणायचे 'तो'. तिनं स्वतः घ्यायचं म्हटलं तर बायकोनं नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, आणि लग्नात घेतलेला उखाणा ती केव्हाच विसरली होती. घरात एकटी असताना एक-दोनदा ओठांपर्यंत आलं. जीभ चावली तिनं.

म्हणून ती कट्ट्याला जायची. अंगठा द्यायला नाही, पैशाला नाही. दर मार्गशीर्षात, मेळाव्याच्या दिवशी, डोक्यावर टोपली नाही, हातात काही नाही, नवं नसेल तर धुतलेलं लुगडं नेसून. कारण वर्षातून तेवढ्या एका दिवशी, त्या एका पटांगणात, एक माणूस छाती भरून ते नाव पुकारायचा.

"काशीराम विठोबा तारी!"

ती डोळे मिटून ऐकायची. मग उठायची.

"काय बाई," सुभेदार विचारायचे, "आले का आमचे काशीराम?"

"येतलो हा साहेबानू."

"अंगठा?"

"नको."

"बरं. पुढच्या साली या." फाईलवर काहीतरी खरडायचे आणि ती गठ्ठ्याच्या तळाला सारायचे. वरून विचारणा झाल्या असतील. काय उत्तरं दिली त्यांनी, देव जाणे. फाईल काही बंद केली नाही. परतताना ती मुनव्वरच्या दुकानी थांबायची, तो पाट पुढं सारायचा आणि तिच्या चिरा पडलेल्या हातात जपून हिरव्या बांगड्या भरायचा. तेवढं झालं की साल संपलं तिचं.

एकोणसाठ साली तापानं ती इतकी खंगली होती की पुकारल्यावर उठताना खांब धरला. सुभेदारांना ते बघवेना. आजूबाजूला नजर टाकून म्हणाले, "बाई, ऐका माझं. अंगठा द्या. कुंकू घरी जाऊन खुशाल लावा. मी काय तोंडवलीला बघायला येतोय? कागद म्हणजे कागद."

खरं सांगायचं तर तिचं मन हललं. घरात तांदूळ नव्हता. पाच जणींतल्या चार जणींनी अंगठा दिला असता, आणि काही चूक केली नसती. तिनं शाईच्या डबीकडे हात नेलासुद्धा. मग मागं घेतला.

"कागदार मेलो आणि कपाळार जितो?" ती म्हणाली. "माझो घोव मी असो अर्धो अर्धो करूचंय नाय."

सुभेदारांनी तंबाखू थुंकली. "तुमच्यासारखी बाई पलटणीत असती ना, तर आम्हाला माघार माहीतच नसती." हे तिला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे. त्या दिवशी त्यांनी आपला जेवणाचा डबा तिच्यापुढं ठेवला, आणि तिनं खाल्ला.

असं करत पासष्ट साल उजाडलं. त्या भाद्रपदात लढाई झाली, आसपासच्या चार गावांत तारा आल्या. तोंडवलीत लोक म्हणाले, चंद्रावतीची बारा वर्षं भरत आली, आता बघू काय करते. त्यांना वाटलं होतं, ही पुन्हा काहीतरी नवीन काढणार. पण शब्द दिला म्हणजे दिला.

शेवटच्या दिवशी तिनं कामाला सुट्टी दिली. घर सारवलं. बांगड्याची आमटी केली, भात केला, दोन पानं वाढली आणि दारात बसली. दुपार झाली. खाडीवरून तीन होड्या आल्या, तिन्ही वेळा ती उठून पुढं गेली. हो, अजून वाटत होतं तिला! तेवीस वर्षांनी! कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं. दिवस कलला तेव्हा तिनं एक पान कावळ्यांना ठेवलं आणि आपल्या पानावरचा भात तसाच झाकला.

सकाळी गणपत देवगडहून आला. किनाऱ्यावर भटजींनी दर्भाचा माणूस केला, वर नारळ ठेवला. चंद्रावती बाजूला उभी होती. एकदम पुढं आली.

"ह्यो खूप बुटको आसा," ती म्हणाली.

"वयनी, विधी आसा तो..."

"ते दारातसून वाकान येत. एवढो बुटको नको. दर्भ घाला आणखी."

भटजींनी गणपतकडे पाहिलं. गणपतनं मान हलवली. दर्भ वाढवला. ती म्हणेपर्यंत वाढवला. मग अग्नी दिला. मग बायकांनी दगडावर तिच्या बांगड्या फोडल्या, आणि कुंकू तिनं स्वतः पुसलं, कुणाला हात लावू दिला नाही. त्यानंतर ती जी रडली, ती सगळ्या किनाऱ्यानं ऐकली. बारा वर्षं ज्यांनी तिला जवळ केलं नव्हतं त्या बायकाही तिला धरून रडल्या.

चार दिवसांनी मेळावा. मुनव्वरनं तिला लांबून येताना बघितलं आणि सवयीनं पाट पुढं ओढला. मग ती जवळ आली. त्यानं पाट आत घेतला.

"काशीराम विठोबा तारी!"

ती उठली, टेबलाशी गेली. सुभेदार आता पार म्हातारे झाले होते. त्यांनी वर पाहिलं. ती वाट बघत राहिली, दर साली विचारतात ते विचारतील म्हणून. त्यांनी विचारलं नाही. शाईची डबी पुढं केली, कागद धरून ठेवला, कारण तो वाऱ्यानं हलत होता. तिनं अंगठा दिला. सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ठसा वाळेपर्यंत हातात धरून बसले.

"पुढच्या वर्षी मी नसेन बाई," ते म्हणाले. "घरी बसवणार आता मला."

पेन्शन सुरू झाली. बाबू पोस्टमनच्या जागी दुसराच होता, तो "चंद्रावती तारी, मनीऑर्डर" एवढंच म्हणायचा. घरावर नवी कौलं आली. हळदीकुंकवाचा प्रश्नच मिटला होता, त्यामुळे कुठं बसायचं तेही ठरलं. लोक म्हणाले, सुटली बिचारी.

सहासष्टच्या मार्गशीर्षात ती पुन्हा कट्ट्याला गेली. आता जायची गरज तशी नव्हती, हयातीचा दाखला तलाठ्याकडूनही चालला असता. पण ती गेली. टोपली नाही, हातात काही नाही. पटांगणात नव्या लढाईच्या विधवा बसल्या होत्या, काही तर अगदी पोरी. टेबलाशी चष्मा घातलेला तरुण कारकून होता. भराभर नावं वाचत होता, आवाज बेताचाच. चंद्रावती डोळे मिटून ऐकत बसली.

"चंद्रावती तारी."

ती हलली नाही.

"चंद्रावती तारी! आहेत का?"

शेजारच्या पोरीनं तिला कोपरानं ढोसलं. "आये, तुमकाच बोलवतत."

ती गडबडून उठली, टेबलाशी गेली. "माका? माझा नाव कित्याक? दर साली ह्येंचा नाव पुकारतत."

"आता पेन्शन तुमच्या नावावर झालीय ना, मावशी. फाईल बदलली. ती जुनी गेली रेकॉर्डला." कारकून भला होता, नीट सांगत होता. "यापुढं तुमचंच नाव येणार."

म्हणजे आता त्याचं नाव जगात कुठंच कुणी पुकारणार नव्हतं. हे तिला अंगठा देताना कुणी सांगितलं नव्हतं.

"या रकान्यात एक राहिलंय," कारकून म्हणाला. "नवऱ्याचं नाव?"

तिनं मागं वळून बघितलं. पूर्वी अशा वेळी नाव घ्यायला सुभेदार असत. गणपत असे. आता ओळखीचं कुणीच नव्हतं. ती पदर डोक्यावर घेऊ लागली, मग तो तसाच सोडला.

"काशीराम," ती म्हणाली. रापणीवर लांबच्या माणसाला हाक मारतात तशा आवाजात म्हणाली. पटांगणातली कुजबूज थांबली. "काशीराम विठोबा तारी!"

कारकुनानं दचकून पाहिलं आणि लिहून घेतलं.

"परत सांगू?" तिनं विचारलं.

"नको मावशी, लिहिलं," तो म्हणाला, आणि त्यानं पुढचं नाव वाचलं.